अंगणात शाळा नेणाऱ्या कै. ताराबाई मोडक

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायची आणि तीत प्रत्येकीने एका थोर स्त्रीविषयी चार शब्द लिहायचे, असे सर्वानुमते ठरले. कोणी जिजाऊंचे नाव घेतले, कोणी अहिल्याबाईंचे, कोणी सावित्रीबाईंचे. मी जे नाव मागून घेतले ते आपल्या भागात तितकेसे ऐकिवात नाही. परंतु या बाईंनी रूढ केलेला एक शब्द आपल्यापैकी पुष्कळजणींच्या तोंडी रोज सकाळी असतो. पोराला अंगणवाडीत सोडून येते, असे सांगून आपण उंबरा ओलांडतो, तो अंगणवाडी हा शब्द. तो शब्द आणि त्यामागची कल्पना ज्यांनी या देशाला दिली, त्या कै. ताराबाई मोडक यांचा हा अल्पसा परिचय.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. वडिलांचे नाव सदाशिव पांडुरंग केळकर, आईचे उमाबाई. उमाबाई बालविधवा होत्या आणि सदाशिवरावांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला होता. आज यात कोणाला विशेष वाटणार नाही. पण त्या काळी विधवेशी लग्न करणे म्हणजे जातीचे, गोताचे दार आपल्या हाताने लावून घेणे होते. सदाशिवराव प्रार्थनासमाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते होते. लोक काय म्हणतील या भीतीपेक्षा आपल्याला काय योग्य वाटते ते मोठे, ही शिकवण ताराबाईंना पाळण्यातच मिळाली म्हणायला हरकत नाही. पुढे आयुष्यात ती त्यांना वारंवार उपयोगी पडली.

मुली चौथी पुस्तक शिकल्या तरी पुष्कळ, असे मानण्याच्या त्या दिवसांत ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार मात्र सुखाचा झाला नाही. १९२१ साली पतिपत्नी वेगळी झाली आणि लहानग्या मुलीला घेऊन ताराबाई बाहेर पडल्या. त्या विषयाची उकल करण्याचे हे स्थान नव्हे. आपण एवढेच ध्यानात घ्यावे, की शंभर वर्षांपूर्वी पदरी मूल असलेली एक बाई एकटी घराबाहेर पडली आणि रडत बसली नाही. शिक्षण हाच तिचा आधार झाला.

काठेवाडात राजकोट येथे स्त्रीशिक्षिका तयार करणारे बार्टन ट्रेनिंग कॉलेज होते. तेथे ताराबाई मुख्याधिकारी झाल्या. अशा जागेवर तोवर युरोपियन बाईच बसायची. मान होता, पगार चांगला होता, राहायला जागा होती. दुसरी कोणी असती तर तेथेच निवृत्तीपर्यंत सुखाने राहिली असती. परंतु जवळच भावनगर येथे चाललेल्या एका प्रयोगाची वार्ता त्यांच्या कानी आली आणि त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली.

तो प्रयोग होता गिजुभाई बधेका यांचा. गिजुभाई मूळचे वकील. १९१३ साली त्यांना मुलगा झाला. आपण ज्या छडीच्या शाळेत शिकलो तीत या मुलाला घालायचे काय, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. या शोधात त्यांना इटलीच्या डॉ. मारिया माँटेसोरी यांचे ग्रंथ वाचायला मिळाले. वकिली सुटली, आणि १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी अडीच-तीन वर्षांच्या मुलांसाठी बालमंदिर काढले. मुले त्यांना इतकी बिलगत, की लोक त्यांना मिशाळू आई म्हणू लागले.

येथे माँटेसोरीबाईंविषयी थोडे सांगणे जरूर आहे. या बाई डॉक्टर होत्या. १९०७ साली रोम शहरातील सान लोरेंझो नावाच्या गरीब मजुरांच्या वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की मुले जिन्यांतून, गल्ल्यांतून उंडारत, भिंती खराब करीत. त्यांना कोठेतरी बसवावे, एवढ्याच हेतूने ती जागा मिळाली होती. त्या मुलांचे निरीक्षण करताना बाईंच्या ध्यानात आले की लहान मूल ऐकून शिकत नाही; ते हाताने शिकते, डोळ्यांनी शिकते, उचलून, ठेवून, चुकून शिकते. म्हणून त्यांनी शिकण्याची साधने तयार केली.

त्यांपैकी एकच साधन नमुन्यादाखल सांगते. लाकडाच्या एका ठोकळ्यात दहा भोके असतात आणि त्या भोकांत बसणारे दहा दट्टे. कोणी जाड, कोणी बारीक. सगळे काढून मिसळून टाकायचे आणि मुलाने ते परत जागच्या जागी बसवायचे. एक जरी चुकला, तरी शेवटी एक दट्ट्या असा उरतो की तो राहिलेल्या भोकात जातच नाही. मूल थांबते, पाहते, आणि आपली चूक आपणच शोधते. बाईंनी चुकलास म्हणायला नको, कान पिळायला नको. चूक दाखवण्याचे काम साधनच करते. मुलाचा हात अभिमानाने पुढे जातो, लाजून मागे येत नाही. चांगले साधन कोणते, याची ही खूण ज्या शिक्षिकेला कळली तिला पुष्कळ कळले.

ताराबाई १९२३ साली राजकोटची जागा सोडून भावनगरला गेल्या. गुजराती भाषा त्यांनी आपलीशी केली. सकाळी मुलांत, दुपारी लेखनात आणि शिक्षकांच्या वर्गात अशी सुमारे नऊ वर्षे गेली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. गिजुभाई आणि ताराबाई ही त्याची दोन चाके होती. शिक्षणपत्रिका हे मासिक दोघांनी चालविले. पुढे १९३३ पासून ताराबाईंनी त्याची मराठी आवृत्ती काढली आणि पुष्कळ वर्षे स्वतः संपादिली. मूल हट्ट का करते, जेवताना का त्रास देते, खोटे का बोलते, त्याला मारावे की मारू नये, असे आईला रोज पडणारे प्रश्न त्यांनी साध्या भाषेत हाताळले. विद्वान बाई आईच्या पाटाला पाट लावून बसली आणि बोलू लागली, असे ते लेखन होते.

१९३६ साली त्यांनी मुंबईस दादर येथे शिशुविहार सुरू केले. शिक्षिका तयार करण्यासाठी अध्यापनमंदिरही काढले. मराठी मध्यमवर्गात बालवाडीची आवड रुजली ती मुख्यत्वे या कामामुळे. १९३९ साली गिजुभाई निवर्तले. त्याच वर्षी माँटेसोरीबाई स्वतः हिंदुस्थानात आल्या आणि महायुद्धामुळे येथेच काही वर्षे राहिल्या. सर्वत्र माँटेसोरी शाळांचा बोलबाला झाला. ताराबाईंच्या जागी आणखी कोणी असती तर म्हणाली असती, झाले, सार्थक झाले.

ताराबाईंना मात्र एक गोष्ट टोचत होती. ही शाळा कोणासाठी चालली आहे? साधने सुबक, पण महाग. ती घेण्याची ऐपत श्रीमंत संस्थांना. मुले येत ती वकील, डॉक्टर, व्यापारी यांची. १९३१ साली महात्मा गांधी लंडनमध्ये माँटेसोरीबाईंच्या शिक्षणसंस्थेत गेले होते, तेव्हा त्यांनीही हीच इच्छा बोलून दाखविली होती, की असे शिक्षण केवळ सुखवस्तू घरांतील मुलांना न मिळता दरिद्री मुलांनाही मिळावे. गंमत पाहा, रोममध्ये जी पद्धती मजुरांच्या मुलांत जन्माला आली, ती फिरत फिरत धनिकांच्या दिवाणखान्यात जाऊन बसली होती. तिला पुन्हा मजुरांच्या मुलांत आणून सोडावे, हे ताराबाईंनी मनाशी घेतले. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम मी हेच समजते.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे. तेथे ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू झाले. याच वेळी त्यांना एक सहकारी लाभल्या, अनुताई वाघ. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले होते आणि सहा महिन्यांत त्यांना वैधव्य आले होते. जिच्या नशिबी माजघराचा कोपरा लिहिला होता, ती मुलगी शिकली, शिक्षिका झाली, आणि ताराबाईंच्या हाताशी येऊन उभी राहिली. एका विधवेची लेक आणि एक बालविधवा, अशा या दोघींनी मिळून पुढचा इतिहास घडविला.

बोर्डीत बालवाडी तर निघाली, पण गावाच्या कडेच्या दलित वस्तीतील मुले येईनात. आईबाप पहाटे कामाला जात. मुलांना धुऊन, केस विंचरून कोण पाठविणार? आणि गावातल्या शाळेत आपल्या पोरांना कोणी नीट बसू देईल, हा भरवसाही नव्हता. आता बहुतेक ठिकाणी काय होते? हजेरीपटावर गैरहजर अशी खूण पडते आणि दोष आईबापांच्या अज्ञानावर जातो. ताराबाईंनी दोष स्वतःकडे घेतला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच मुलाकडे गेले पाहिजे. त्या आणि त्यांच्या शिक्षिका वस्तीत गेल्या. कोणाच्या तरी घरापुढचे अंगण झाडले, तेथे मुले जमविली, त्यांचे तोंड-हात धुतले, नखे काढली, गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या. अंगणात भरली म्हणून ती अंगणवाडी.

आणि साधने? समुद्रावर शिंपले होते, खडे होते. झाडाखाली बिया होत्या, पाने होती, फुले होती. माती तर सर्वांच्या पायाखाली. दुकानातून विकत आणलेल्या मण्यांनी जे मोजता येते ते शिंपल्यांनीही मोजता येते. लाकडी फळ्यांवरून जो लहानमोठेपणा कळतो तो काटक्यांवरूनही कळतो. माँटेसोरीबाईंचे तत्त्व ताराबाईंनी पूर्ण ठेवले, फक्त त्याचे कपडे बदलले. ते कपडे खादीचे आणि घरी शिवलेले होते, म्हणून ते गरिबाच्या मुलाच्या अंगाला बसले.

मुंबईच्या कायदेमंडळातही त्या काही वर्षे सभासद होत्या. पण मन रमले ते मुलांतच. १९५७ साली, पासष्टाव्या वर्षी, त्या व अनुताई केंद्र घेऊन डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. ज्या वयात आपण नातवंडांना खेळवीत ओट्यावर बसतो, त्या वयात ही बाई वारली आदिवासींच्या पाड्यांतून फिरू लागली.

तेथे आणखी नवे प्रश्न समोर आले. थोडी मोठी मुले गुरे राखायला जात, ती शाळेत येणार कशी? म्हणून गुरे चरत तेथेच, कुरणात शाळा भरली. तिला नाव पडले कुरणशाळा. मुलींचा प्रश्न वेगळाच. आठ-नऊ वर्षांची पोर, कडेवर धाकटे भावंड. ते खाली ठेवले तर रडते, घेऊन बसले तर शिकणे होत नाही. मग थोरल्या बहिणीला शिकवायचे असेल तर धाकट्याची सोय आधी केली पाहिजे, हे ओळखून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणली. तिचे नाव विकासवाडी. मोठमोठ्या अहवालांत न सुचणारी गोष्ट ही. ती सुचायला पाड्यावर जाऊन त्या पोरीच्या कडेवर काय आहे ते पाहावे लागते.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण ही पदवी देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे अनुताईंनी हा वसा १९९२ साली देह ठेवीपर्यंत कोसबाडच्या टेकडीवर चालविला. ताराबाई गेल्यावर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारची एकात्मिक बालविकास योजना निघाली. देशात प्रथम तेहतीस ठिकाणी ती सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आता ते नाव भारतभर, जेथे मराठीचा गंधही नाही अशा गावांतही, पाटीवर रंगविलेले दिसते.

भगिनींनो, चरित्र येथे संपले, पण मला सांगायचे ते अजून उरले आहे. मी पुष्कळ वर्षे शाळेत शिकविले. एका शाळेत मी नवी होते तेव्हा साहित्याची एक सुरेख पेटी आलेली होती. मणी, ठोकळे, चित्रे, सगळे तीत होते. ती कपाटात कुलपात असे, कारण मोडले-हरवले तर भरून कोण देणार? तपासणीच्या दिवशी ती टेबलावर मांडली जाई आणि संध्याकाळी पुन्हा आत. मुलांनी ती दुरूनच पाहिली. मीही त्या वेळी गप्प बसले, याची खंत आजही वाटते. पुढे ताराबाईंविषयी वाचले तेव्हा कळले, की ज्या साधनाच्या मोडण्याची भीती वाटते ते मुलाच्या कामाचे नाही. चिंचोका हरवला तर दुसरा मिळतो.

आपल्या कपिलधारला तर कशाची वाण आहे? धबधब्याखालच्या ओढ्यात पाण्याने घासलेले गुळगुळीत गोटे आहेत. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावायला ते द्यावेत. सीताफळाच्या बिया, चिंचोके, निंबोळ्या एकत्र करून निवडायला द्याव्यात. डोळे झाकून नुसत्या बोटांनी ओळखायला सांगितले तर मुले खिदळत शिकतात. सारख्या डब्या घेऊन दोन-दोन डब्यांत ज्वारी, वाळू, खडे भरावेत आणि वाजवून जोड्या लावायला सांगावे. तुऱ्हाट्यांचे सारखे तुकडे करून दहा-दहांच्या जुड्या बांधल्या की एकक आणि दशक समजावायला फळा लागत नाही. जुडी सोडली की दहा सुटे, बांधली की एक दशक. ताटात राख किंवा बारीक माती पसरून अक्षर गिरवावे. चुकले तर ताट हलविले की नवी पाटी. आणि रांगोळीचे ठिपके तर आपल्या हातचे. चार ठिपके चार ओळी काढून द्या, मूल आपोआप मोजू लागेल. एवढीच सावधगिरी, की तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती बिया-खडे देऊ नयेत. ती नाकात नाहीतर घशात जातात. त्यांना लाटणे, वाट्या आणि मोठी झाकणे पुरेत.

येथे श्री मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिकी पौर्णिमेला लांबलांबून माणसे येतात. स्वामींनी शास्त्रातले ज्ञान सामान्य माणसाच्या मराठीत आणून परमरहस्य लिहिले. जे उंचावर आहे ते खाली, लोकांच्या दारात आणावे, हीच ताराबाईंची वाट. म्हणून त्यांचे नाव आपल्या भूमीला परके वाटायला नको.

परंतु कार्तिकीच्या सुमारासच आपल्या बीड जिल्ह्यात आणखी एक गोष्ट घडते, ती आपल्या इतकी सवयीची झाली आहे की दिसेनाशी झाली आहे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या भरतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आईबाप फडात, मुले कोपीत. वर्गातील बाके मोकळी होतात. थोरली पोर धाकट्याला सांभाळायला म्हणून जाते आणि पाच-सहा महिन्यांनी परत येते तेव्हा वाचलेले विसरलेली असते. एकदोन वर्षे असे झाले की ती शाळेत यायला लाजते; आणि मग तिच्या लग्नाचे बोलणे सुरू होते. साखरशाळा झाल्या, मुलांना गावी ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे निघाली. त्यांचा उपयोग झाला, पण सगळीच मुले तेथे पोचत नाहीत. कोसबाडच्या टेकडीवरची कडेवर भावंड घेतलेली ती मुलगी आणि फडावर जाणारी आपली ही मुलगी, या दोघी सख्ख्या बहिणीच नव्हेत काय?

म्हणून मंडळापुढे एक सूचना मांडते. हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. यंदा दिवाळीपूर्वी आपण फडावर जाणाऱ्या आपल्या गावातील प्रत्येक मुलासाठी जुन्या लुगड्याची एक पिशवी शिवावी. तीत पाटी-पेन्सिल, तुऱ्हाट्यांच्या दहा जुड्या, शंभर चिंचोके आणि गुरुजींकडून लिहून घेतलेली मोठ्या अक्षरांची चार पाने घालावीत. पिशवी कशी वापरायची ते निघण्यापूर्वी दोन दुपारी देवळाच्या ओट्यावर मुलांना खेळून दाखवावे. ज्या घरी आजी मागे राहते, तेथे नातवंड तिच्यापाशी राहू शकेल काय, हे घरोघर जाऊन विचारावे. आणि राहिले तर त्याची संध्याकाळ आपल्यापैकी एकीने सांभाळावी. याला ना इमारत लागते, ना मंजुरी.

ताराबाईंचा पुतळा उभारणे आपल्या ऐपतीबाहेरचे आहे, आणि त्यांना ते रुचलेही नसते. एक अंगण झाडून घ्यावे, त्यात चार मुले बसवावीत, त्यांच्या ओंजळीत चिंचोके घालावेत. एवढे आपल्याला खास जमेल.